ॲक्युरसी ९९ टक्के, पण हवं ते एकही सापडत नाही: इम्बॅलन्स्ड डेटावरचं मॉडेल कसं तपासायचं

इम्बॅलन्स्ड डेटा म्हणजे ज्यात हवी ती गोष्ट (पॉझिटिव्ह) फार थोडी आणि बाकीचं सगळं (निगेटिव्ह) ढिगाने असतं तो. आधी लक्षणं लिहितो. तुमचं दुखणं यातलं कुठलं ते बघा आणि मग खाली या.

१. ॲक्युरसी (एकूण उत्तरांतली बरोबर किती टक्के) ९९ च्या वर, रिपोर्ट झकास, पण ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते फ्रॉडचे व्यवहार म्हणा, मशीनचे बिघाड म्हणा, दुर्मिळ आजाराचे पेशंट म्हणा, त्यातलं एकही मॉडेलने धरलेलं नाही.

२. याच्या बरोब्बर उलटं. मॉडेल दिवसभर अलार्म वाजवतंय, तपासणारी माणसं पहिल्या आठवड्यात उत्साहाने बघतात आणि तिसऱ्या आठवड्यात अलर्ट न उघडताच बंद करायला लागतात. लांडगा आला रे आला.

३. आरओसी-एयूसी (मॉडेल पॉझिटिव्हला निगेटिव्हच्या वर किती चांगलं लावतं याचा आकडा, १ म्हणजे अचूक) ०.९७ आणि तरी दहातले नऊ अलर्ट खोटे.

४. क्रॉस-व्हॅलिडेशनला (डेटाचे तुकडे करून आळीपाळीने एकेकावर तपासणं) उत्तम, लाइव्ह गेलं की झोपतं.

५. मॉडेल म्हणतं शक्यता ०.९, आणि तशा केसेस उघडून बघितल्या तर त्यातली एखादीच खरी.

६. तोच कोड, तोच डेटा, फक्त सीड (कॉम्प्युटरच्या चिठ्ठ्या टाकण्याचा सुरुवातीचा आकडा) बदलला तर रिकॉल (खऱ्या पॉझिटिव्हपैकी किती टक्के पकडले) एकदा ६० आणि एकदा ८५.

माझ्याकडे हीच तक्रार फिरून फिरून येते, डेटा वेगळा असतो, टीम वेगळी असते, पण वाक्य ठरलेलं असतं की डेटा इम्बॅलन्स्ड आहे म्हणून मॉडेल शिकत नाहीये, स्मोट (दुर्मिळ वर्गाचे बनावट नमुने तयार करणारी पद्धत) लावून बघितलं तरी फरक नाही. आणि बहुतेक वेळा खणून बघितलं की मॉडेल व्यवस्थित शिकलेलं असतं, आपणच त्याचं उत्तर भलत्या ठिकाणी कापत असतो किंवा भलत्या पट्टीने मोजत असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा लावलाय, फुकटचं आणि पाच मिनिटांचं आधी, रीसॅम्पलिंग (दुर्मिळ नमुने वाढवणं किंवा बाकीचे कमी करणं) वगैरे पार शेवटी. मधल्या पायऱ्या गाळून खाली उडी मारू नका, कारण वरची चूक तशीच राहिली तर खालच्या पायरीवर दिसणारे सगळे आकडे खोटे असतात आणि मग तुम्ही दोन आठवडे भुताच्या मागे धावता.

पहिलं: नुसतं मोजा

हे एवढं सोपं आहे की कोणी करत नाही. चार आकडे कागदावर लिहा. ट्रेनिंगमध्ये खरे पॉझिटिव्ह किती, टेस्टमध्ये किती, मॉडेलने टेस्टमध्ये किती जणांना पॉझिटिव्ह म्हटलं, आणि डोळे मिटून सगळ्यांना निगेटिव्ह म्हटलं तर ॲक्युरसी किती आली असती.

शेवटचा आकडा महत्त्वाचा. सरावासाठी सगळे जो क्रेडिट कार्ड फ्रॉडचा डेटासेट वापरतात, सप्टेंबर २०१३ मधले युरोपातल्या कार्डधारकांचे दोन दिवसांचे व्यवहार, त्यात २,८४,८०७ ओळी आहेत आणि फ्रॉड फक्त ४९२. म्हणजे काहीही न शिकता, काहीही न करता, प्रत्येकाला 'साफ आहे' म्हणणाऱ्या दगडाची ॲक्युरसी ९९.८ टक्के. तुमचं मॉडेल ९९.८ दाखवत असेल तर ते दगडाच्या बरोबरीला आहे एवढंच त्यातून कळतं.

आणि ही फसगत आपल्या काळातली नाहीये. १८८४ साली अमेरिकेत सैन्याच्या सिग्नल कोअरमधल्या जॉन फिनलीने टोर्नेडोचे अंदाज प्रसिद्ध केले, एकूण २,८०३ अंदाज, त्यातले ९६.६ टक्के बरोबर. लगेच कोणीतरी दाखवून दिलं की रोज 'टोर्नेडो येणार नाही' एवढंच म्हणत बसलं असतं तर ९८.२ टक्के बरोबर आले असते. आता मजा बघा, खरे टोर्नेडो होते ५१, त्यातले २८ फिनलीने आधी सांगितले होते, आणि त्यासाठी त्याने १०० वेळा इशारा दिला होता. म्हणजे ॲक्युरसीत हरलेला माणूस निम्म्याहून जास्त वादळं सांगत होता आणि जिंकलेला एकही नाही. तुम्हाला गावात कोण हवाय? हे उत्तर माहीत असेल तर ॲक्युरसीची ओळ रिपोर्टमधून आत्ताच काढून टाका, खरंच काढा, कारण ती ओळ तिथे असेपर्यंत मीटिंगमध्ये साहेबांची नजर तिच्यावरच जाते.

मोजता मोजता अजून एक बघून घ्या, पॉझिटिव्ह नक्की कुठला वर्ग आहे. सायकिट-लर्न (पायथनची मशीन लर्निंगची लायब्ररी) लेबलं वर्णक्रमाने लावतं. लेबल ० आणि १ असेल तर ठीक, पण कोणी इंग्रजीत 'फ्रॉड' आणि 'जेन्युइन' असे शब्दच ठेवले असतील तर फ्रॉड पहिल्या कॉलममध्ये जातो आणि सवयीने दुसरा कॉलम उचलणारा माणूस जेन्युइन असण्याची शक्यता घेऊन बसतो. मी स्वतः एकदा अर्धा दिवस उलट्या कॉलमवर घालवलाय. तेव्हापासून क्लासेसची यादी छापल्याशिवाय पुढे जात नाही, दुधाने तोंड पोळलंय.

दुसरं: थ्रेशोल्ड

थ्रेशोल्ड म्हणजे ज्या स्कोरच्या वर पॉझिटिव्ह म्हणायचं ती रेषा. लक्षण क्रमांक १ आणि २ वाल्यांचं काम बहुतेकदा इथेच संपतं.

एक प्रसंग सांगतो. टीममधला एक नवीन मुलगा लॅपटॉप घेऊन आला, म्हणाला, दादा, मॉडेल मेलंय, एकपण बिघाड पकडत नाहीये. कन्फ्युजन मॅट्रिक्समध्ये (खरं उत्तर विरुद्ध मॉडेलचं उत्तर असा तक्ता) पॉझिटिव्हचा कॉलम पूर्ण शून्य. मी म्हटलं प्रेडिक्ट नको वापरूस, शक्यतेचा स्कोर देणारं प्रेडिक्ट-प्रोबा घे, मोठ्याकडून छोट्याकडे लाव आणि शेजारी खरं लेबल ठेव. स्क्रीनवर आलं, ०.४१, ०.३८, ०.३७, ०.३३ असं उतरत जाणारं, आणि शेजारी १, १, ०, १, १, १... वरच्या वीसमध्ये चौदा खरे बिघाड. मॉडेल ओरडून सांगत होतं, फक्त ०.५ च्या वर एकही स्कोर जात नव्हता आणि प्रेडिक्ट हे फंक्शन गुपचूप ०.५ वर कापतं. तो मुलगा दोन आठवडे तीन वेगवेगळे अल्गोरिदम बदलत बसला होता.

०.५ चा अर्थ काय ते लक्षात घ्या. 'चुकून पकडणं' आणि 'सुटून जाणं' या दोन्ही चुका सारख्याच महाग आहेत असं मानलं तर ०.५ बरोबर. दुर्मिळ गोष्टींत ते जवळजवळ कधीच खरं नसतं. हिशोब सोपा आहे, २००१ मध्ये चार्ल्स एल्कनने तो नीट मांडून ठेवलाय: खोट्या अलार्मची किंमत भागिले (खोट्या अलार्मची किंमत अधिक सुटलेल्या केसची किंमत). समजा खोटा अलार्म आला तर माणूस १० मिनिटं जाऊन मशीन बघून येतो, आणि बिघाड सुटला तर मशीन आठ तास म्हणजे ४८० मिनिटं बंद. १० भागिले ४९०, म्हणजे ०.०२ च्या आसपास. शंभरात दोन शक्यता दिसली तरी माणूस पाठवणं परवडतं! आणि आपण बसलोय ०.५ ची वाट बघत.

किंमत कोणी सांगत नसेल (आणि सहसा कोणी सांगत नाही, सगळे म्हणतात दोन्ही महत्त्वाचं) तर दुसरा प्रश्न विचारा, दिवसाला किती केसेस तपासता येतात? चाळीस म्हणाले तर थ्रेशोल्ड विसरा, रोज स्कोरप्रमाणे वरच्या चाळीस द्या आणि त्या चाळिसांत खऱ्या किती निघतात ते मोजा. ज्या ठिकाणी माणसं तपासणार आहेत तिथे मला हीच पद्धत जास्त आवडते कारण अलर्टचा पूर येतच नाही.

थ्रेशोल्ड निवडायचा तो व्हॅलिडेशनच्या डेटावर (ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हींपासून वेगळा ठेवलेला भाग). टेस्टवर निवडलात तर तो टेस्ट राहिला नाही. सायकिट-लर्नमध्ये १.५ या आवृत्तीपासून थ्रेशोल्ड ट्यून करायला वेगळा क्लासच दिलाय, क्रॉस-व्हॅलिडेशन करून निवडतो, हाताने लूप लिहायचा कंटाळा असेल तर तो घ्या. आणि वरचं किमतीचं सूत्र फक्त तेव्हाच चालतं जेव्हा स्कोर म्हणजे खरीखुरी शक्यता असते, ते असतं की नाही ते पाचव्या पायरीवर बघू.

तिसरं: मोजपट्टी

लक्षण ३ साठी. आरओसीचा वक्र खोटं बोलत नाही पण तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. त्याच्या आडव्या अक्षावर असतो निगेटिव्हपैकी किती टक्के चुकून धरले तो दर, आणि निगेटिव्ह ढिगाने असले की छोटासा टक्कासुद्धा मोठी गर्दी होते. आकडे घालून बघा. १,००,००० व्यवहार, त्यात २०० फ्रॉड. मॉडेल ९० टक्के फ्रॉड पकडतं म्हणजे १८०, आणि साफ व्यवहारांतले फक्त २ टक्के चुकून धरतं. ऐकायला भारी आहे ना? ते २ टक्के म्हणजे १,९९६ माणसं. एकूण अलर्ट २,१७६, खरे १८०, म्हणजे शंभरातले आठ. उरलेले ब्याण्णव संन्याशी, ज्यांना चोर समजून फोन जाणार.

म्हणून प्रिसिजन-रिकॉलचा वक्र काढा (प्रिसिजन म्हणजे अलर्टपैकी खरे किती टक्के). सैतो आणि रेह्म्समायर यांचा २०१५ चा पेपर याच मुद्द्यावर आहे, इम्बॅलन्स्ड डेटावर आरओसी छान दिसतो आणि तिथेच प्रिसिजन-रिकॉल खरी परिस्थिती दाखवतो. फक्त एक पथ्य. आरओसीत नुसत्या नाणेफेकीला नेहमी ०.५ मिळतं, पण प्रिसिजन-रिकॉलच्या क्षेत्रफळात नाणेफेकीला तेवढंच मिळतं जेवढं पॉझिटिव्हचं प्रमाण आहे. ०.२ टक्के पॉझिटिव्ह असतील तर शून्य पातळी ०.००२. त्यामुळे ०.३५ आकडा बघून रडू नका, आणि एका डेटावरचे ०.३५ दुसऱ्या डेटावरच्या ०.६ शी तोलू नका, दोन्हीकडे पॉझिटिव्हचं प्रमाण वेगळं असेल तर ती तुलनाच नाही. टेस्ट सेटचं प्रमाण हाताने ५०-५० करून प्रिसिजन मोजणारेही भेटतात, त्यांना हात जोडून सांगतो, टेस्टला हात लावू नका, तो जसा बाहेर आहे तसाच पाहिजे.

चौथं: गळती

लक्षण ४. गळती म्हणजे मॉडेलला कळायला नको ती माहिती ट्रेनिंगमध्ये शिरणं. मला सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा लागतो.

पहिली गळती स्मोटची. लोक आधी पूर्ण डेटावर स्मोट चालवतात आणि नंतर ट्रेन-टेस्ट वेगळे करतात. स्मोट काय करतं, एक दुर्मिळ नमुना घेतं, त्याच्या जवळचा दुसरा दुर्मिळ नमुना घेतं, आणि दोघांच्या मधल्या रेषेवर कुठेतरी नवीन बिंदू बनवतं. आता मूळ नमुना टेस्टमध्ये गेला आणि त्याचं पिल्लू ट्रेनिंगमध्ये राहिलं तर मॉडेलला पेपर आधीच फुटलाय, वर टेस्टमध्ये निम्मे नमुने बनावट. रिकॉल नव्वदीत जातो, सगळे पेढे मागतात, आणि लाइव्हला तोंडावर आपटतं. आधी वाटणी, मग फक्त ट्रेनिंगच्या भागावर रीसॅम्पलिंग, आणि क्रॉस-व्हॅलिडेशन असेल तर प्रत्येक फोल्डच्या (तुकड्याच्या) आत. इम्बॅलन्स्ड-लर्न या लायब्ररीची पाइपलाइन हे आपोआप करते, ती वापरा, हाताने करू नका, विसरायला होतं.

दुसरी गळती एकाच माणसाच्या किंवा एकाच मशीनच्या अनेक ओळींची. दुर्मिळ वर्गात हे जास्त चावतं. समजा तुमच्याकडे ३०० बिघाडाच्या नोंदी आहेत पण त्या आहेत फक्त २२ मशीनच्या. ओळी ढवळून वाटल्या तर तीच मशीन दोन्हीकडे येते आणि मॉडेल बिघाड ओळखायचं सोडून मशीन ओळखायला शिकतं. मशीनप्रमाणे गट करून वाटा, आणि काळाशी संबंध असेल तर तारखेप्रमाणे वाटा, आधीचं ट्रेनिंगला, नंतरचं टेस्टला.

तिसरी सगळ्यात लबाड. घटनेनंतर भरला जाणारा कॉलम. एका कामात मॉडेल अविश्वसनीय चांगलं येत होतं, फीचर्सची यादी महत्त्वाप्रमाणे लावली तर सगळ्यात वर 'शेरा किती अक्षरांचा' असं काहीतरी. म्हटलं हे काय? मग कळलं, केस संशयास्पद वाटली की तपासणारा माणूस शेऱ्यात लांबलचक लिहायचा, साफ असेल तर रिकामा सोडायचा. म्हणजे शेरा हा फ्रॉड सापडल्यानंतर यायचा, वरातीमागून घोडं, आणि निर्णय घ्यायच्या क्षणी तो कॉलम रिकामाच असणार होता. म्हणून प्रत्येक कॉलमपुढे एकच प्रश्न लिहा: निर्णयाच्या क्षणी हे माझ्या हातात असेल का? उत्तर 'बहुतेक' असेल तर कॉलम बाहेर काढून परत ट्रेन करा आणि काय होतं बघा. मॉडेल फार चांगलं येत असेल तर खूश होण्याआधी इथे या.

पाचवं: स्कोर म्हणजे शक्यता आहे का

लक्षण ५. क्लास वेट (दुर्मिळ वर्गाच्या चुकांना जास्त वजन), अंडरसॅम्पलिंग (निगेटिव्ह कमी करणं), ओव्हरसॅम्पलिंग (पॉझिटिव्ह वाढवणं) यातलं काहीही केलं की तुम्ही मॉडेलला खोटं जग दाखवता, आणि ते त्या खोट्या जगातल्या शक्यता सांगतं. त्याची चूक नाही.

हिशोब करून बघा. १,००,००० ओळी, त्यात १,००० पॉझिटिव्ह. तुम्ही ९९,००० निगेटिव्हमधून फक्त १,००० ठेवले, ५०-५० केलं. आता मॉडेल एका केसला ०.९ देतं, म्हणजे पॉझिटिव्ह विरुद्ध निगेटिव्ह नवास एक. पण निगेटिव्ह तुम्ही ९९ पटीने कमी केले होते, म्हणून ते नऊ ९९ ने भागायचे, राहतं अकरास एक उलट्या बाजूने, म्हणजे खरी शक्यता बारात एक, ८ टक्क्यांच्या थोडं वर. ०.९ चे झाले ०.०८. आणि ०.५ चे ०.०१. आता कळलं ना दहातला एखादाच खरा का निघतो ते. ज्याने ०.९ बघून ग्राहकाचं खातं गोठवलं त्याला हा भागाकार कोणी सांगितला नव्हता.

उपाय दोन. अंडरसॅम्पलिंग केलं असेल तर वरचा भागाकार प्रत्येक स्कोरला लावा, एका ओळीचा कोड आहे. बाकी काही केलं असेल तर वेगळ्या न छेडलेल्या डेटावर कॅलिब्रेशन (स्कोर खऱ्या शक्यतेशी जुळवणं) करा, प्लाट किंवा आयसोटॉनिक या पद्धतीने. आयसोटॉनिक लवचीक असतं पण त्याला डेटा भरपूर लागतो, कॅलिब्रेशनला हजाराहून बरेच कमी नमुने असतील तर प्लाटच बरं. नंतर तपासायचं कसं? स्कोरचे दहा कप्पे करा आणि प्रत्येक कप्प्यात खरे पॉझिटिव्ह किती टक्के निघाले ते शेजारी लिहा, ०.०५ च्या कप्प्यात पाचेक टक्के निघाले पाहिजेत. सुंदर आलेख नाही काढला तरी चालेल, ही दोन रकान्यांची यादी पुरते.

२०२२ मध्ये वैद्यकीय जोखमीच्या मॉडेलवर एक अभ्यास आला होता, व्हान डेन खोरबर्ग आणि मंडळींचा, लॉजिस्टिक रिग्रेशनवर. त्यांनी अंडरसॅम्पलिंग, ओव्हरसॅम्पलिंग आणि स्मोट लावून बघितलं, कॅलिब्रेशन बिघडलं, शक्यता फुगल्या, आणि एयूसी काही वाढला नाही, रिकॉलमध्ये जे मिळालं ते नुसता थ्रेशोल्ड सरकवूनही मिळत होतं. मी जे वर्षानुवर्षं बोंबलतोय ते छापील मिळालं म्हणून मला हा पेपर फार प्रिय आहे.

सहावं: पॉझिटिव्ह पुरेसे आहेत का

लक्षण ६ वाले इथे थांबा. प्रमाण किती त्यापेक्षा आकडा किती हे जास्त महत्त्वाचं. ०.१ टक्का पण एकूण ५०,००० पॉझिटिव्ह, काही अडचण नाही. ५ टक्के पण एकूण ४० पॉझिटिव्ह, मोठी अडचण.

टेस्टमध्ये २० पॉझिटिव्ह आहेत आणि १६ पकडले, म्हणून तुम्ही ८० टक्के रिकॉल असं लिहिता. त्याची ९५ टक्क्यांची खात्रीची पट्टी साधारण ५८ ते ९२ आहे. म्हणजे दोन मॉडेलांची ७५ आणि ८५ अशी तुलना करून एक निवडणं म्हणजे निव्वळ चिठ्ठी काढणं. सीड बदलून आकडा उड्या मारतो तो याचसाठी, कोडमध्ये काही बिघडलेलं नाही. स्ट्रॅटिफाइड क्रॉस-व्हॅलिडेशन (प्रत्येक तुकड्यात पॉझिटिव्हचं प्रमाण सारखं ठेवणारं) बऱ्याच वेळा फिरवा, सरासरीबरोबर पसारा पण छापा. आणि अजून पॉझिटिव्ह गोळा करता येतात का बघा, जुन्या नोंदी, दुसरी शाखा, कागदावरचे रजिस्टर, काहीही. शंभर खरे नवीन नमुने हजार बनावट नमुन्यांपेक्षा जास्त शिकवतात. स्मोट नवीन माहिती आणत नाही, आहे तीच पसरवतं.

सातवं: लेबलंच बरोबर आहेत का

हे महाग आहे कारण विषय कळणारा माणूस बसवावा लागतो, पण दुर्मिळ वर्गात याच्याशिवाय गत्यंतर नाही. समजा निगेटिव्हमध्ये हजारातलं एक लेबल चुकलंय, म्हणजे खरं पॉझिटिव्ह पण निगेटिव्ह लिहिलं गेलंय. नगण्य वाटतं. पण पॉझिटिव्हच हजारात दोन असतील तर तुमचे एक तृतीयांश खरे पॉझिटिव्ह भलत्या ढिगात पडलेत.

करायचं काय, मॉडेलने ज्यांना सगळ्यात जास्त स्कोर दिला पण लेबल निगेटिव्ह आहे अशा पन्नास केसेस छापा आणि जाणकार माणसाला दाखवा, मॉडेलचा स्कोर न सांगता. माझा अनुभव असा की त्यातल्या काही केसेसवर तो माणूस भुवया उंचावतो आणि म्हणतो, ही साफ कोणी ठरवली? तिथे तुमचा 'खोटा अलार्म' खरा होता आणि लेबल खोटं.

लेबल कोणी आणि कधी लावलं तेही विचारा. फ्रॉडची तक्रार यायला महिना महिना लागतो, त्यामुळे गेल्या महिनाभराचा डेटा नेहमी जास्त साफ दिसतो, तो ट्रेनिंगमध्ये घेऊ नका. आणि ज्या केसेस तपासल्याच गेल्या नाहीत त्यांना 'साफ' म्हटलंय का? मग ते निगेटिव्ह नाहीत, ते 'माहीत नाही' आहेत, आणि तुमचं मॉडेल जुन्या तपासणाऱ्यांच्या नजरेची नक्कल शिकतंय.

आठवं: आता वेट आणि रीसॅम्पलिंग

इथपर्यंत सगळं करून आलात आणि अजून मॉडेल दुर्मिळ केसेस वर आणत नाही, तरच. आधी क्लास वेट, कारण त्यात डेटा बदलत नाही. सायकिट-लर्नचा 'बॅलन्स्ड' पर्याय एकूण ओळी भागिले (वर्गांची संख्या गुणिले त्या वर्गाच्या ओळी) असं वजन देतो, एक्सजीबूस्टमध्ये स्केल-पॉझ-वेट आहे. हे पण ट्यून करायची गोष्ट आहे, बॅलन्स्ड म्हणजे बरोबर असं नाही. अंडरसॅम्पलिंग मी वापरतो ते मुख्यतः वेळ वाचवायला, करोडभर निगेटिव्ह असतील तर सगळे कशाला हवेत.

स्मोट २००२ चं आहे, चावला आणि सहकाऱ्यांचं, वाईट नाही, पण दोन नमुन्यांच्या मधला बिंदू खरंच शक्य आहे का हा प्रश्न कोणी विचारत नाही. शहराचा कोड ३ आणि ७ असेल तर मधला ५ म्हणजे भलतंच शहर. कॅटेगरीचे कॉलम असतील तर त्यासाठीचा वेगळा प्रकार वापरा किंवा सोडून द्या. यातलं काहीही केलं तर दुसऱ्या आणि पाचव्या पायरीवर परत जा, थ्रेशोल्ड आणि कॅलिब्रेशन दोन्ही हललेत.

हात कधी थांबवायचे

स्पष्ट सांगतो, काही ठिकाणी ही यादी पुरत नाही आणि पुढे रेटू नये.

निर्णयाने माणसाचा उपचार, कर्ज, नोकरी किंवा अटक ठरणार असेल तर थ्रेशोल्ड तुम्ही एकट्याने ठरवायचा नाही. संख्याशास्त्रज्ञ हवा, त्या क्षेत्रातला जबाबदार माणूस हवा, आणि कायद्याचं बघणारं कोणीतरी हवं. वेगवेगळ्या गटांत, बाई-पुरुष, वयाचे गट, मॉडेलच्या चुकांचं प्रमाण वेगळं येत असेल तर तेव्हाही थांबा, ते कोड बदलून मिटणारं प्रकरण नाही.

एकूण खरे पॉझिटिव्ह वीस-तीसच असतील तर क्लासिफायर बाजूला ठेवा. जाणकारांनी बनवलेले चार नियम किंवा ॲनॉमली डिटेक्शन (नेहमीपेक्षा वेगळं काय ते शोधणं) जास्त प्रामाणिक ठरेल, ते कसं करायचं ते संख्याशास्त्रवाल्याला विचारा.

मॉडेल आधीच लाइव्ह असेल आणि नवीन लेबलं त्याच मॉडेलने धरलेल्या केसेसमधूनच येत असतील तर परत ट्रेन करणं थांबवा. मॉडेल स्वतःचीच शेपटी चावतंय. काही केसेस स्कोर न बघता चिठ्ठ्या टाकून तपासायला लावाव्या लागतात, आणि त्याची आखणी नीट करणारा माणूस लागतो.

आणि चुकांची किंमत सांगायला कोणीच तयार नसेल, तर ते मॉडेलचं दुखणं नाही. वरच्या माणसाला बोलवा, दोन थ्रेशोल्डचे दोन तक्ते समोर ठेवा, इथे एवढे सुटतील, इथे एवढ्या निरपराधांना फोन जातील, आणि सही घ्या.

तज्ज्ञाकडे जाताना न्यायचं काय: पहिल्या पायरीचे चार आकडे, स्कोरच्या कप्प्यांची ती दोन रकान्यांची यादी, वाटणी कशी केली त्याची एक ओळ, लेबल कोण आणि कधी लावतं ते, आणि त्या पन्नास केसेस जाणकाराच्या शेऱ्यांसकट. डेटाची मूळ फाइल न्या. स्मोट लावलेली नेऊ नका, तशी फाइल घेऊन आलेले लोक मी दोनदा परत पाठवलेत.